खालचा आवाज

भांडी घासताना मी जे गुणगुणते
ते नातीला ओळखता येत नाही.
वेलिता, हे कुठलं गाणं? यादिरा विचारते.
अगं, तुझ्या आईच्या लग्नात
ज्यावर अख्खा हॉल घड्याळाच्या उलटा फिरत होता,
ते.
तिचा चेहरा कोरा.
बरोबरच आहे. चाल असते वरच्या आवाजात.
माझ्याकडे उरलाय तो खालचा.

आल्ताग्रासिया चार वर्षांनी मोठी.
रॉब्सटाउनच्या पऱ्हाटीत बारा फुटी पिशवी ओढत
ती दोन तासं पुढे असायची,
आणि तिचं गाणं मागे यायचं
बोंडांनी चिरलेल्या माझ्या बोटांपर्यंत.
मी त्याच्या खाली माझं घालायचे,
कुणी जमिनीवर बसू लागलं
की आपण गोणपाट सरकवतो, तसं.
कुणी शिकवलं नाही.
तिच्याहून दोन पायऱ्या खाली, कधी तीन.
अंधारात जिना उतरावा तशी.

आई म्हणाली, दारूच्या गुत्त्यात नाही.
मग बाबा सोबत यायचे,
पहिल्या खुर्चीत, गुडघ्यावर टोपी,
वेचणीच्या ट्रकमागे ट्रक धरून थेट लबकपर्यंत.
लोक आमच्यासमोर नाचायचे
आणि बाबा लोकांचे हात मोजायचे.

अ‍ॅलिस गावात ज्यूकबॉक्सवाल्याची मागची खोली.
भिंतींना घोंगड्या ठोकलेल्या, ऑगस्ट महिना,
माइक एकच.
धाकटे, तू एक पाऊल मागे, तो म्हणाला.
अजून एक.
अजून.
माझी पाठ घोंगडीला टेकली
तेव्हा म्हणाला, हां, आता जमलं.
पंधरा डॉलर मिळाले. बाबांनी टायर घेतले.
तबकडीवर छापलं होतं: आरिस्पे भगिनी.
लोक मात्र म्हणायचे, काय गाते ती!
ती. एकवचनी.

मग तिचं लग्न झालं.
नवऱ्याने आवाज चढवला नाही.
अ‍ॅकॉर्डियनवाल्या एलेउतेरिओंना त्याने कॉफी पाजली,
साखर किती विचारलं,
आणि म्हणाला, आता पुरे.

सान दिएगोच्या नाचाला मी एकटीच उभी राहिले.
सुरुवात वाजली, बाखो सेस्तोने ठेका धरला,
मी माझ्या जागेवर आले, अगदी बरोबर.
जोड्या पाय उचलून थांबल्या
वरचं कधी येतं म्हणून.
एलेउतेरिओंनी ते बटणांवर वाजवून दिलं, बिचाऱ्यांनी,
पण माझं तोंड तोवर सुकलं होतं.
दुसऱ्या दिवसापासून मी लाँड्रीत लागले. एकोणतीस वर्षं.

आणि तरी, रविवारी
तिचा नवरा पेट्रोल पंपावर गेला
की ह्यूस्टनहून फोन यायचा.
ख्यालीखुशाली नाही, काही नाही.
ती थेट पहिल्या ओळीला लागायची,
मी खाली शिरायचे.
तीन मिनिटांनी ऑपरेटर म्हणायची, वेळ संपली.
तबकडीची एक बाजूही तेवढीच असते.
मोठ्याने गा, आल्ताग्रासिया ओरडायची, ऐकू येत नाहीये!
फोनमध्ये मागे सरकायला जागाच नव्हती.
दर महिन्याचं बिल मी इस्त्रीच्या फळीखाली लपवायचे.

तिला जाऊन अकरा वर्षं झाली.
रविवारी मी फोनजवळ बसत नाही, तसलं काही नाही.
भांडी असतात.

यादिरा अ‍ॅकॉर्डियन घेऊन स्वयंपाकघरात आलीये.
तिच्या बँडमध्ये चार मुलगे आहेत
आणि ती मधोमध उभी राहते, बूट गुलाबी.
पुन्हा गा, म्हणते.
मी गाते. ती माझेच सूर आधी शोधते,
एकेक, चुकत, जीभ दातांत धरून.
मग थबकते. मान वाकडी करते.
तिची बोटं वर सरकतात,
तिथे नाही, तिथेही नाही,

तिथे.

साबणाचं पाणी कोपरावरून गळतंय.
सवयीने मी एक पाऊल मागे घेतलं,
तर पाठीला फ्रिज लागला.